सेकंडहँड गाडीवरची 28,910 रुपयांची वॉरंटी आणि माझा टर्बो

हे लिहू की नको असं करत करत बरेच महिने गेले, कारण यात समोरच्याच्या लबाडीइतकाच आपला बावळटपणा पण दिसतो. पण मागच्या आठवड्यात ऑफिसमधला एक पोरगा आला, पहिलीच गाडी घेतोय, सेकंडहँड, आणि म्हणतो दादा ते एक्स्टेंडेड वॉरंटी देतायत, घेऊ का. त्याला चहाच्या टपरीवर पाऊण तास जे सांगितलं तेच आता टाइप करतोय. डिलरचं नाव, वॉरंटीवाल्या कंपनीचं नाव, गाडीचं मॉडेल काहीच लिहिणार नाही. गाडीचा तर तसा दोषही नव्हता बिचारीचा.

जून 2023. पुणे-बंगळूर हायवेच्या कडेला झेंडेबिंडे लावलेलं मोठं यूज्ड कार शोरूम. 2016 ची डिझेल सेडान, मीटरवर 71 हजार, चार नव्वद सांगत होते, घासाघीस करून चार पंच्याहत्तरला आले. माझ्या ओळखीचे चिंचवडचे मेस्त्री आहेत, ते गाडी बघायला यायचे दीड हजार घेतात. पण शोरूमवाल्यानं एक छापील कागद समोर ठेवला, दोनशे पॉइंटचं चेकिंग, सगळीकडे हिरव्या टिका, आणि मला वाटलं आता मेस्त्रींना कशाला त्रास. दीड हजार वाचवले. पुढे वाचाल तेव्हा या दीड हजाराची आठवण ठेवा.

ही वॉरंटी विकतात कधी ते बघा. गाडी बघताना तिचं नावही काढत नाहीत. गाडी ठरली, टोकन दिलं, पोरं कंटाळून बापाचा शर्ट ओढायला लागली की मग तुम्हाला आतल्या केबिनमध्ये बसवतात, एसी फुल, चहा, आणि तिथं एक वेगळाच माणूस येतो. आमच्या वेळचा म्हणाला, "सर, डिझेल गाडी आहे, इंजिन गेलं तर लाख-दीड लाख, गिअरबॉक्स गेला तर साठ-सत्तर, टर्बो गेला तर साठ. हे फक्त साडेचोवीस, प्लस जीएसटी, वर्षभर टेन्शन नाही. इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो, एसी कॉम्प्रेसर, सगळं कव्हर." (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा.)

बायकोनं विचारलं, "सगळं म्हणजे नक्की काय काय?"

"सगळं मेजर मेजर, मॅडम."

आणि मी, मी शहाणा, तिला म्हटलं अगं सांगतायत ना ते. अख्ख्या व्यवहारातला एकमेव बरोबर प्रश्न तिनं विचारला होता आणि तो मी दाबला. हे ती मला अजून ऐकवते आणि ऐकवायलाच पाहिजे.

24,500 वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 28,910. माझ्या चेहऱ्यावर जरा शंका दिसली असणार, लगेच म्हणाला, "लोनमध्येच टाकून देतो सर, तुम्हाला कळणारपण नाही." टॅबवर दोन ठिकाणी बोट फिरवून सही, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला, झालं. हातात काय मिळालं तर एक चकचकीत पान, त्यावर हसणारं कुटुंब. अटींची पीडीएफ आठ दिवसांनी मेलवर आली, 23 पानं. ती मी उघडली थेट फेब्रुवारीत.

मध्ये ऑक्टोबरमध्ये मी गाडीची सर्व्हिस करून घेतली, हे महत्त्वाचं आहे. चिंचवडच्या मेस्त्रींकडेच, 78 हजारला. ऑइल मी स्वतः दुकानातून आणलं, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं, फिल्टर ओरिजिनल, एअर फिल्टर नवा. 5,200 रुपयांत काम. मेस्त्रींनी डायरीचं पान फाडून हिशोब लिहून दिला आणि तो मी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. आपण गाडीची किती काळजी घेतो म्हणून तेव्हा स्वतःवरच खूश.

फेब्रुवारी 2024, चुलत मेहुण्याचा साखरपुडा, कोरेगावला निघालो होतो. शिरवळपर्यंत गाडी मस्त. खंबाटकीचा घाट चढायला लागलो (तेव्हा जाताना घाट, येताना बोगदा असायचा, साताऱ्याकडचे सगळे जाणतात) आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायला लागला, पिकअप गेला, सेकंड गिअरमध्ये पण गाडी रडतेय, आरशात बघतो तर मागं निळसर धूर. कडेला घेतली, बंद केली. बायको जरीची साडी नेसून घाटात उभी, शेजारून ट्रक चाललेत. पण मी शांत होतो, खरं सांगतो. म्हटलं वॉरंटी आहे.

टोल फ्रीवर अर्ध्या तासानं माणूस लागला. पहिली गोष्ट, गाडी त्यांच्या यादीतल्याच वर्कशॉपला न्यायची. साताऱ्यात गाडीच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे, पण ते यादीत नाही, त्यामुळे परत पुण्याला. टोइंग 25 किलोमीटरपर्यंत फ्री, वरचं तुम्ही भरा. आणि तेही आधी तुम्हीच सगळं भरायचं, मग बिल पाठवायचं. फ्लॅटबेडवाल्याला 6,500 दिले. साखरपुड्याला आम्ही एसटीनं पोचलो तेव्हा जेवणाची शेवटची पंगत उठत होती.

वर्कशॉपवाल्यानं पाइप काढून बघितलं, म्हणाला टर्बोच्या शाफ्टला प्ले आलाय, म्हणजे आतला दांडा ढिला झालाय, इंटरकूलरच्या (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करतो तो) पाइपात ऑइल आहे, टर्बो गेला. नव्या असेंब्लीचं कोटेशन 58 हजार. मी म्हटलं क्लेम टाका. तर म्हणे क्लेमसाठी पूर्ण उघडून फोटो पाठवावे लागतात आणि उघडायची मजुरी 7,800, ती ग्राहकाची, क्लेम पास झाला तर परत मिळेल. इथं माणूस अडकतो. उघडू नका म्हटलं तर क्लेमच नाही, उघडा म्हटलं तर पैसे गेले आणि गाडी सुट्या भागांत पडलेली, आता दुसरीकडे नेणार कशी.

अकरा दिवसांनी मेल आला. रिजेक्ट. कारणं दोन. एक, ऑइलच्या वाटेत काजळीसारखा गाळ साचलाय, म्हणजे बिघाड अचानक झालेला नाही, देखभालीच्या अभावी आणि वॉरंटी सुरू व्हायच्या आधीपासूनचा आहे. दोन, अट अमुक अमुकप्रमाणे सर्व्हिसची ग्राह्य बिलं नाहीत.

त्या रात्री मी ती 23 पानं वाचली. गाडी घेतल्यापासून 30 दिवस किंवा 1,000 किलोमीटरच्या आत, आपल्या खर्चानं, यादीतल्या वर्कशॉपमध्ये पहिली सर्व्हिस करायची होती. नंतर दर सहा महिन्यांनी किंवा 7,500 किलोमीटरला. प्रत्येक बिल जीएसटीचं, त्यावर गाडी नंबर आणि मीटर रीडिंग. माझ्याकडे काय, डायरीचं पान. आणि मेस्त्रींचा हिशोब म्हणजे "ऑयल, फिलटर, मजूरी". गाडी विकताना यातलं एक अक्षर कुणी बोललं नव्हतं, उलट "फ्रेश सर्व्हिस करून देतोय सर, वर्षभर बघायची गरज नाही" असं तोच माणूस म्हणाला होता.

पुढचं वाचून तर हसायलाच आलं. कव्हर नसलेल्या गोष्टींची यादी साडेचार पानं, असलेल्यांची पाऊण पान. क्लच, ब्रेक, शॉकअप, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी, इंजेक्टर, सगळे रबरी पाइप, सील, सेन्सर, व्हील बेअरिंग, एसीचा गॅस, हे सगळं बाहेर. म्हणजे सात-आठ वर्षांच्या गाडीचं जे जे खरोखर जातं ते. शिवाय एक टेबल होतं, 75 हजार ते एक लाख किलोमीटरमध्ये पार्टच्या किमतीचे 30 टक्के ग्राहकाचे, आणि एका क्लेमला कमाल 40 हजार. म्हणजे माझा क्लेम पास झाला असता तरी 58 हजारांतले निदान अठरा हजार माझेच गेले असते.

आता त्या गाळाबद्दल, कारण मला त्याचाच जास्त राग आहे. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि त्याला आधार फक्त ऑइलच्या पातळ थराचा. वर्षानुवर्षं ऑइल वेळेवर बदललं नाही, किंवा हायवेवरून तापलेली गाडी आणून खाडकन बंद करायची सवय असली की टर्बोतलं ऑइल जळून त्याची काजळी होते, बारीक ऑइल पाइप चोंदत जातो, आणि मग एक दिवस घाटात बोंबलतं. आठ महिन्यांत, मध्ये ऑइल बदललेलं असताना, एवढा गाळ होत नाही. तो आधीच्या मालकांच्या वेळचा होता हे मलाही मान्य. पण मग ते दोनशे पॉइंटचं चेकिंग काय बघत होतं? डिलरकडे गेलो तर म्हणाला आम्ही फक्त विकतो सर, वॉरंटी त्या कंपनीची, त्यांच्याशी बोला. त्या कंपनीला विचारलं तर गाडीच्या कंडिशनबद्दल डिलरला विचारा. म्हणजे गाळ जुना आहे हे सिद्ध झालं की एकाचा फायदा, आणि दुसरा म्हणतो तो गाळ आमच्या कागदात नाही.

शेवटी गाडी तिथून उचलली. भोसरीत टर्बो दुरुस्तीवाले आहेत, त्यांनी आतला कोअर बदलून 21 हजारात टर्बो करून दिला. ऑइल पाइप नवा, इंटरकूलर धुणं, इंजिनखालची ऑइलची चेंबर खोलून जाळी साफ, ऑइल-फिल्टर मिळून 9,400. टोइंग आणि उघडायची मजुरी धरून टोटल 44,700. मेस्त्री गाडी बघून एवढंच म्हणाले, "भाऊ, ऑइलचं झाकण उघडून बघितलं असतं तरी कळलं असतं." दीड हजार.

मी गप्प बसलो नाही, 1915 वर म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली. त्याआधी एकानं इन्शुरन्स ऑम्बड्समनकडे (विम्याच्या तक्रारी ऐकतात ते) जा म्हणून सांगितलेलं, तिथं उपयोग नव्हता, कारण ही विमा कंपनीची पॉलिसी नाहीच, साधा सर्व्हिसचा करार. (गाडीच्या विम्यात इंजिन प्रोटेक्ट असतं ते पण हे नव्हे. ते पाणी शिरून इंजिन बसलं वगैरे त्यासाठी, झिजून गेलेल्याला नाही. हा गोंधळ खूप लोकांचा होतो.) हेल्पलाइननंतर कंपनी जरा नरमली, आधी गुडविल म्हणून आठ हजार देतो म्हणाले, मी नाही म्हटलं, मग महिनाभर ताणून वॉरंटी रद्द करून उरलेल्या महिन्यांचे 6,900 देतो म्हणाले. वैतागलो होतो, घेतले, आणि "पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या कागदावर सही केली. ही माझी दुसरी माती. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीच लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, आणि मला विकताना अटी दिल्याच नाहीत हा मुद्दा माझ्याकडे मेलच्या तारखेसकट होता. वकील मित्र म्हणाला सही करायच्या आधी फोन का नाही केलास. काय सांगणार.

आणि "कळणारपण नाही" त्याचा हिशोब पण केला. साडेचौदा टक्क्यांनी चार वर्षं, त्या 28,910 चा हप्ता महिन्याला सुमारे 797 रुपये पडतो, सगळे मिळून अडतीस हजारांच्या वर. जून 2027 पर्यंत. वॉरंटी कधीच मेली, तिचा हप्ता जिवंत आहे.

सगळ्या वॉरंट्या भिकार असं मात्र मी म्हणणार नाही. नाशिकला माझ्या मित्रानं ऑटोमॅटिक गाडी घेतली, पहिल्या मालकानं नवी घेतानाच गाडीच्या कंपनीकडून एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली, ती यानं आरसी नावावर झाल्यावर स्वतःच्या नावावर करून घेतली, आणि गिअरबॉक्सचं मोठं काम एक रुपया न देता झालं. पण तिथं सगळी सर्व्हिस कंपनीच्याच सेंटरला झालेली, रेकॉर्ड त्यांच्याच कॉम्प्युटरवर, वाद घालायला जागाच नाही. गाडी बनवणाऱ्यानं दिलेली वॉरंटी वेगळी आणि केबिनमध्ये चहासोबत विकलेली वेगळी.

तर ऑफिसच्या पोराला म्हटलं, आत्ताच्या आत्ता मेसेज टाक त्यांना, अटींची पूर्ण पीडीएफ पाठवा, आधी वाचतो मग पैशाचं बोलू. आणि रविवारी मेस्त्रींना घेऊन जा. पीडीएफ आली नाही, "सर शोरूमला या, समजावून सांगतो" एवढाच रिप्लाय. रविवारी मेस्त्री गेले, बॉनेट उघडायच्या आधी खाली बसून टायर बघितले. गाडी 2020 ची, मीटर 31 हजार, आणि चारही टायरवर आकडा 1524, म्हणजे 2024 च्या पंधराव्या आठवड्यात बनलेले. 31 हजारात चारही टायर कोण बदलतं? म्हणजे मीटर मागं फिरवलेलं असणार, गाडी खरी जास्त पळालेली. मेस्त्रींनी पोराला बाजूला घेऊन विचारलं सर्व्हिस रेकॉर्ड मागितलंस का. मागितल्यावर सेल्समनला अचानक दुसरं कस्टमर आलं.

पोरानं गाडी सोडली. आता रोज दोनदा फोन येतो त्याला तिथून. कालपासून म्हणतायत, सर वॉरंटी फ्रीमध्ये देतो.