एनटीएफएस-थ्रीजी: लिनक्सवर विंडोजची डिस्क उघडताना

विंडोजची हार्ड डिस्क लिनक्सच्या संगणकाला जोडून तिच्यातला मजकूर काढायचा असेल, तर एनटीएफएस-थ्रीजी हा मोफत, मुक्त स्रोत ड्रायव्हर (लिनक्सला विंडोजच्या ‘एनटीएफएस’ पद्धतीची डिस्क वाचता-लिहिता यावी म्हणून लागणारा प्रोग्राम) मी आजही निःशंकपणे सुचवेन. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २००७ मध्ये आली. वाचनाच्या कामात तो अतिशय भरवशाचा आहे; देवनागरीतली फाइलनावे जशीच्या तशी दिसतात आणि विंडोजने कॉम्प्रेस करून ठेवलेले फोल्डरही सहसा विनातक्रार उघडतात.

त्याचा खरा गुण मात्र तो नकार देतो तेव्हा दिसतो. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना विंडोजचा संगणक बंद केला, तर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. आपल्या स्थितीचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होते. मधल्या काळात लिनक्सने त्या डिस्कवर काही लिहिले, तर जागे झालेल्या विंडोजला त्याचा पत्ता नसतो आणि दोघांच्या नोंदी एकमेकींवर चढून फाइली खराब होऊ शकतात. म्हणूनच अशी डिस्क हा ड्रायव्हर केवळ वाचण्यापुरती उघडतो. अनेकांना हा अडथळा वाटतो. मला ती जबाबदारीची वागणूक वाटते. शिफ्ट दाबून ठेवून विंडोज ‘शट डाउन’ केले की प्रश्न सुटतो. साठवलेली स्थिती पुसून टाकण्याचा पर्यायही ड्रायव्हरमध्ये आहे, पण त्याने विंडोजमधले न जतन केलेले काम जाऊ शकते, त्यामुळे तो टाळावा.

लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. लिनक्समध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम चालतो, विंडोजमध्ये चालत नाही. अशी नावे रोखणारा ‘विंडोज_नेम्स’ हा पर्याय आपणहून चालू करावा लागतो, आणि तो मुळातच चालू असायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेग ही त्याची उणी बाजू. हा ड्रायव्हर कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बाहेर चालत असल्याने हजारो लहान फाइलींची नक्कल करताना प्रोसेसरवर ताण येतो. २०२१ मध्ये लिनक्स कर्नेलच्या ५.१५ आवृत्तीत आलेला ‘एनटीएफएस३’ हा ड्रायव्हर या बाबतीत सरस आहे. एनटीएफएस-थ्रीजीसोबत मिळणारे ‘एनटीएफएसफिक्स’ हे दुरुस्तीचे साधन किरकोळ दोषांपुरतेच आहे; बिघडलेली डिस्क विंडोजला जोडून तिथल्या ‘चेकडिस्क’ या डिस्क तपासणाऱ्या साधनानेच दुरुस्त करावी, आणि त्याआधी तिच्यातला महत्त्वाचा मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा.