रिंगणात सगळे, बोलतात मोजकेच

प्राचीन रोममध्ये प्रेक्षकांसमोर रिंगणात झुंजणाऱ्या ग्लॅडिएटर्सवरचा तीन भागांचा माहितीपट गेल्या आठवड्यात सोलापुरातल्या घरी, तालमीत जाणाऱ्या पुतण्याबरोबर, हिंदी आवृत्तीत पाहिला. रिंगणात उतरणारी माणसे साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली होती आणि ते वैविध्य आम्ही प्रथमच नीट दाखवत आहोत, असा निर्मात्यांचा दावा सुरुवातीलाच ऐकू येतो. वैविध्य दिसते, यात शंका नाही. ते ऐकू मात्र फारसे येत नाही.

दुसरा भाग उत्तम उतरला आहे. फ्लामा नावाच्या ग्लॅडिएटरची समाधिशिला सिसिलीत सापडली. तो 30 वर्षे जगला, 34 वेळा लढला, 21 वेळा जिंकला, 9 लढती बरोबरीत सुटल्या, 4 वेळा हरूनही त्याला जीवदान मिळाले आणि तो जन्माने सिरियन होता, एवढे त्या काही ओळींत कोरलेले आहे. शिला उभारणारा डेलिकॅटस हाही त्याचा रिंगणातलाच सोबती. कॅमेरा अक्षरांवरून सावकाश फिरतो आणि एरवी अखंड बोलणारा निवेदक इथे गप्प राहतो. ‘‘काका, नऊ बरोबरीत म्हणजे समोरचेही तोडीचेच असणार की,’’ असे पुतण्या म्हणाला, आणि तिन्ही भागांतल्या तज्ज्ञांपैकी कोणालाही हे सुचले नाही, याचे मला नवल वाटले.

त्यानंतर मात्र घोळ सुरू होतो. ‘थ्रेशियन’ हे एका प्रदेशातल्या लोकांचे नाव होते, तसेच छोटी ढाल आणि वाकडी तलवार घेऊन लढणाऱ्या ग्लॅडिएटरच्या प्रकाराचेही. जिंकलेल्या लोकांची शस्त्रे आणि नावे रोमने करमणुकीसाठी उचलली, आणि पुढे तो पोशाख कोणत्याही मुलखातल्या माणसाच्या अंगावर चढू लागला. हा माहितीपट पोशाखालाच वंश समजतो, आणि त्यामुळे युद्धकैदी व गुलामांच्या बाजारातून ही सरमिसळ कशी घडली, हा मूळ प्रश्न बाजूलाच पडतो.

हिंदी आवृत्तीने आणखी एक भर घातली आहे. मालक आणि सेनापती शुद्ध हिंदी बोलतात, तर गुलाम, मग तो गॉलचा (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सचा) असो की सिरियाचा, एकाच ठरावीक गावंढळ हेलात बोलतो. आमच्या पूर्व भागात एका गल्लीतून चालत गेले तरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी कानावर पडतात, आणि एकच माणूस समोरचा पाहून भाषा बदलतो; त्यामुळे हा सपाटपणा सोलापूरकराला जरा जास्तच खटकतो. वास्तविक माहितीपटात दाखवलेला एक शिलालेख लॅटिनमध्ये आहे आणि दुसरा ग्रीकमध्ये, पण त्याचा साधा उल्लेखही कोणी करत नाही.

तो ग्रीक लेख हॅलिकार्नासस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील बोद्रुम, येथील शिल्पावर आहे, आणि ते शिल्प सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात ढाली पुढे धरून समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन स्त्रिया आहेत: अ‍ॅमेझॉन आणि अकिलिया. ग्रीक पुराणकथेत अकिलीस अ‍ॅमेझॉन या लढवय्या स्त्रियांच्या राणीला ठार मारतो; या दगडावर मात्र दोघींचीही सुटका झाल्याचे कोरले आहे. नावे निवडणाऱ्याने केवढी कथा त्यात ठेवली होती! माहितीपट या शिल्पाला मिनिटभरही देत नाही आणि लगेच तोकड्या कपड्यांतल्या अभिनेत्रींच्या संथगती झुंजीकडे वळतो, तेव्हा स्त्रियांना स्थान दिल्याचा दावा फोल वाटतो.

आफ्रिकेचेही तसेच झाले आहे. कृष्णवर्णीय कलाकार जवळजवळ प्रत्येक गर्दीत दिसतात, बहुधा साखळदंडांत, पण त्यांच्या तोंडी एक वाक्यही नाही. इ.स. 200च्या सुमारास स्त्रियांच्या झुंजींवर बंदी घालणारा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आजच्या लिबियातील लेप्टिस मॅग्ना येथे जन्मला होता. माहितीपट बंदीचा उल्लेख करतो, त्याच्या जन्मस्थानाचा नाही.

आहाराचा प्रसंग आटोपशीर आणि चांगला आहे. एफेसस या प्राचीन शहरातल्या ग्लॅडिएटर दफनभूमीतील हाडांच्या तपासणीतून दिसलेला धान्य आणि कडधान्यांचा आहार ऐकून पुतण्या खट्टू झाला. त्याला बदाम-दूध अपेक्षित होते.

वेळ कमी असेल तर दुसरा भाग तेवढा पाहावा, आणि शक्य असल्यास मूळ इंग्रजी ध्वनीसह. मराठी उपशीर्षके नाहीत. पुतण्याने नंतर तो अकिलियाचा दगड थांबवून दोनदा पाहिला. झुंजीचे दृश्य पुन्हा लावले नाही.