चुंबकी बोर्डावर ‘हिंदू’ : जुलै ते मार्च वापरल्यावर

बोर्डाची माहिती सगळ्यांना आहेच, त्यात जात नाही. चार बाय तीनचा पांढरा चुंबकी बोर्ड, सोबत वीस गोल चुंबक. तक्रार आहे ती या चुंबकांबद्दल. एक जाड कार्ड कसंबसं धरतात, दोन लावली की घसरतात, आणि पंखा पाचवर नेला की एकेक कार्ड खाली. आमच्या अमळनेरकडे उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून कोण वर्ग घेईल? जळगावच्या दुकानदाराला दोनदा फोन केला. ‘चुंबकांवर वॉरंटी नसते सर.’ बावीसशे रुपये मोजल्यावर हे ऐकायचं!

बोर्ड घेतला तो एम. ए.ला भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ ही कादंबरी (२०१०) शिकवायला. तिचा नायक खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर, वडील मरणाला टेकलेले, तो मोरगावला परततोय आणि आठवणी त्याला बालपणात, त्याच्याही मागे नेतायत. मुलं दर तासाला विचारायची, ‘सर, आता आपण कुठल्या वर्षात आहोत?’

म्हणून प्रत्येक प्रसंगाचं कार्ड केलं. त्यावर खंडेरावाचं अंदाजे वय आणि कोपऱ्यात प्रसंगाला किती पानं दिलीत तो आकडा. वरच्या रांगेत प्रसंग सांगितलेत त्या क्रमाने, खालच्या रांगेत घडलेत त्या क्रमाने. त्याच प्रसंगाची दोन कार्डं मार्करच्या रेघेने जोडायची. रेघा एकमेकींना कापतात तिथे काळ उलटसुलट झालाय, हे लांबूनही दिसतं. एवढ्यासाठी बोर्डाला पैकीच्या पैकी.

सप्टेंबरपर्यंत मी खालच्या रांगेवरच जोर देत होतो. कादंबरी सरळ लावता आली की मुलांना समजली, असं धरून चाललो होतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात कुणीतरी पंखा वाढवला आणि दोन्ही रांगा फरशीवर. मी चिडलो. मुलांनी कार्डं गोळा केली. खालची रांग दहा मिनिटांत लागली. वरची लागेचना, कारण कुठली आठवण कशाच्या मागून येते हे कुणालाच सांगता येईना. तेवढ्यात मागच्या बाकावरची, एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी हातात बालपणाचं कार्ड धरून म्हणाली, ‘सर, हाई आतेच कसाले सांगं?’ हे आत्ताच का सांगितलं? त्यावर दुसरा उत्तरला, वडिलांचं कळलं नसतं तर गाव एवढं आठवलं असतं का? पुढचा सगळा तास त्यावरच गेला.

त्या दिवसापासून माझं मत बदललं. ‘केव्हा घडलं’ ही नुसती तयारी आहे. ‘इथेच का सांगितलं’ इथून विश्लेषण सुरू होतं. गोष्ट कशी सांगितली जाते याचा अभ्यास करणारे फ्रेंच समीक्षक जेरार जनेत यांनी १९७२ मध्ये क्रम, कालावधी (प्रसंगाला सांगण्यात किती जागा दिली) आणि वारंवारता (तो किती वेळा सांगितला) असे तीन मुद्दे वेगळे केले. मी क्रमापाशीच अडकलो होतो. आता कोपऱ्यातले पानांचे आकडे बघून मुलं कालावधीवर बोलतात. वारंवारतेसाठी खाली एक कार्ड आणि वर त्याच घटनेची दोन-तीन लावतो. प्रत्येक खेपेला सांगण्यात काय बदललं, ते त्यांनीच शोधायचं.

बोर्ड जरूर घ्या. फक्त चौकोनी, जड चुंबक वेगळे आणा, मला एकशे ऐंशीला मिळाले. त्यांच्यावर कार्डं हलतही नाहीत, त्यामुळे दर पंधरवड्याला वरची रांग मीच काढतो आणि कार्डं पिसून मुलांच्या हातात देतो.