भीमगडच्या झाडीत ८ की १०? निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलासाठी दुर्बीण मागितली की दुकानदार हमखास १० पटीची पुढे करतो. जास्त पट म्हणजे जास्त चांगली, असा त्याचा सरळ हिशेब. तिथल्या भीमगड अभयारण्याच्या झाडीत तो उलटा पडतो.

हेम्माडगा गावाच्या पुढे रान इतकं दाट आहे की ऊन वर आलं तरी खाली अंधूकच असतं. तिथे पटीपेक्षा डोळ्यात उतरणारा उजेड महत्त्वाचा. ८×४२ मधला ८ म्हणजे पट, ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिमीमध्ये. व्यासाला पटीने भागायचं: ४२ भागिले ८ म्हणजे साधारण ५.३ मिमी, भागिले १० म्हणजे ४.२. दुर्बीण हातभर लांब धरली की मागच्या काचेत एवढाच उजेडाचा ठिपका दिसतो. क्षेत्रफळ काढलं तर फरक दीडपटीचा. सावलीतल्या गव्याच्या पायांचे पांढरे मोजे दिसणार की नुसता काळा ढीग, हे यावर ठरतं.

प्रोस्टाफ पी३ मालिकेतली १०×४२ आणि ही ८×४२ यांच्या दृश्याच्या रुंदीत फारसा फरक नाही. ७ अंश आणि ७.२ अंश. खरा फरक चष्मेवाल्यांना जाणवतो. ८ पटीत डोळा काचेपासून २०.२ मिमी मागे ठेवता येतो, १० पटीत १५.७. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत फिरवून ठेवायचे, नसेल तर बाहेर काढायचे. ते उलटं झालं की कडेला काळी सावली पडते आणि माणूस दुर्बिणीला दोष देतो. हाताचं कापरंही ८ पटीत कमी दिसतं. शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेपावतं तेव्हा हे कळतं.

नवीन दुर्बीण आधी डोळ्यांना लावून घ्या. बिजागरी हलवून दोन गोलांचा एक गोल करा. उजवी काच हाताने झाका आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावी झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याकडची कडी फिरवा. कडीची जागा लक्षात ठेवा; पिशवीत घासून ती सरकते. दोन्ही डोळे उघडल्यावर कपाळ दुखायला लागलं किंवा चित्र दुहेरी दिसलं तर आतले प्रिझम हललेले असतात. तो नग परत करा, घरी स्क्रू पिळू नका.

कमतरता आहेतच. ३ मीटरच्या आतलं काही स्पष्ट होत नाही, म्हणजे पायाजवळचं फुलपाखरू गेलं. आणि भीमगड ज्या वटवाघळासाठी जगात ओळखलं जातं ते बारापेडे गुहेच्या अंधारातलं रॉटनचं वटवाघूळ, त्याच्यासाठी ही तर काय, कुठलीच दुर्बीण उपयोगाची नाही.

‘शिकारीची दुर्बीण’ म्हणून बाजारात ३०×६० छापलेले खिशातले नग मिळतात. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, आणि आकडाही खोटा. ६० हा काचेचा व्यास असतो, मिलिमीटरमध्ये. खिशात मावणाऱ्या नगाला ६ सेंमीची काच कुठून येणार? पट्टी लावून बघा.

मासे बघायलाही लोक दुर्बीण नेतात. अभयारण्यात गळ टाकायला मनाई, पण पुलावरून डोहात बघायला कोण अडवतो? पाण्यावरची चकाकी मात्र दुर्बीण कापत नाही. त्याला पोलराइज्ड गॉगल लागतो. तो डोळ्यावर ठेवूनच बघता येतं, इथेही ते २० मिमी कामाला येतात. हिडकल धरणासारख्या उघड्या पाण्यावर, भरपूर उजेडात लांबची बदकं ओळखायची असतील तर मात्र १० पटीची घ्या.

पावसाळ्यात खरा शत्रू बुरशी. आत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आतून वाफ धरत नाही, पण बाहेरच्या काचेवर जाळी धरतेच. सोबत आलेल्या कापडी पाऊचमध्ये जून ते सप्टेंबर ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा, त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल. दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. काचेवर जांबोटीची लाल धूळ बसली तर आधी फुंकणीने उडवा, मगच कापड लावा. सदऱ्याच्या टोकाने पुसलं तर त्या धुळीतली वाळू काचेवरचा लेप खरवडते.