जुन्या गाडीवर ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: कित्येक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुनी गाडी घरच्या घरी चालती ठेवायची तर आधी पान्यांचा मोठा सेट घ्यावा की ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड आणि सेन्सरचे आकडे फोनवर दाखवणारं उपकरण? इतके महिने वापरल्यावर माझं उत्तर पक्कं झालंय. आधी स्कॅनर घ्या, आणि त्याच्यासोबत एक साधा डिजिटल मल्टिमीटर. जुन्या गाडीवरचा बराचसा खर्च चांगले पार्ट काढून नवे बसवण्यात जातो. आधी मोजून मग हात घातला की तो खर्च वाचतो आणि गाडी भंगारात जायची पाळी काही वर्षं तरी लांबते.

आमची गाडी वीस वर्षांच्या आसपासची, पेट्रोलवरची. आधी बाबांनी जपली, आता मी जपतेय. बॉडी आणि इंजिन दोन्ही शाबूत आहेत. कुरबुरी आहेत त्या रबर, वायरिंग आणि सेन्सरच्या. या वयाच्या बहुतेक गाड्यांचं असंच असतं.

घेण्याआधी गाडीत ओबीडी-२ (हे कोड आणि आकडे वाचायची सगळ्या कंपन्यांची समान पद्धत) खरोखर आहे का ते बघा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मॉडेलना ते सक्तीचं झालं, युरोपात नव्या पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलना २००४ पासून. स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे झालं असं नाही. काही जुन्या गाड्यांत सॉकेट तसाच असतो, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असते आणि साधा स्कॅनर तिथे जोडलाच जात नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीला तर हे उपकरण घेण्यात अर्थच नाही. तिथे टायमिंग लाइट, व्हॅक्यूम गेज आणि कानच कामाला येतात.

माझा स्कॅनर ईएलएम३२७ जातीचा, ब्लूटूथचा. ही मूळ चिप एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या छोट्या कंपनीची. तिची पहिली आवृत्ती कॉपीपासून सुरक्षित केलेली नव्हती, त्यामुळे नकलांचा सुळसुळाट झाला. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला मात्र अजून निघतायत. यात एक खूण उपयोगी पडते: एल्मने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती, त्यामुळे डब्यावर तो आकडा असेल तर माल नकली आहे हे नक्की. नक्कल म्हणजे टाकाऊच असं नाही. नव्या कॅन प्रोटोकॉलच्या (प्रोटोकॉल म्हणजे गाडी आणि स्कॅनर यांच्यातली बोलण्याची भाषा) गाडीवर ती बहुधा नीट चालते. जुन्या आयएसओ ९१४१ किंवा केडब्ल्यूपी प्रोटोकॉलच्या गाडीवर मात्र काही नकला कनेक्टच होत नाहीत. आपल्याला गाडी जुनी म्हणूनच स्कॅनर हवाय, त्यामुळे जुने प्रोटोकॉल चालतात का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. आयफोनवाल्यांनी ब्लूटूथ एलई किंवा वाय-फायचा बघावा. साधा ब्लूटूथवाला आयफोनवर चालत नाही.

जुन्या प्रोटोकॉलवर डेटा हळू येतो. अ‍ॅपमध्ये दहा-बारा काटे एकदम लावले तर आकडे इतके रखडत येतात की गाडीत घडलेलं आपल्यापर्यंत उशिरा पोचतं. मी एका वेळी तीन किंवा चारच गोष्टी बघते: आरपीएम, कूलंटचं तापमान आणि दोन फ्युएल ट्रिम. एवढं बघूनही पुष्कळ कळतं.

फ्युएल ट्रिमबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण स्कॅनरची खरी किंमत मला तिथे कळली. इंजिनात किती हवा येतेय त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, पेट्रोलचं प्रमाण ठरवतो. मग सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर जळणानंतरची परिस्थिती कळवतो आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल थोडं वाढवतो किंवा कमी करतो. ही दुरुस्ती टक्क्यांत दिसते. त्या क्षणाची ती शॉर्ट टर्म, आणि सवयीने पक्की झालेली लाँग टर्म. दोन्हींची बेरीज शून्याच्या जवळपास असावी. दहाच्या वर गेली तर कुठेतरी पाणी मुरतंय.

आमच्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला आणि कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. हा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदला, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण सेन्सर तर आपलं काम चोख करत होता, हवा जास्त आहे हेच तो सांगत होता. मी गाडी गरम करून आयडलला ठेवली. लाँग टर्म ट्रिम +१८. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून २५०० आरपीएमवर धरलं तर शॉर्ट टर्म खाली आली आणि बेरीज +४ वर थांबली. हा फरक फार बोलका आहे. हवा मोजणाऱ्या एअर फ्लो सेन्सरच्या पुढे कुठेतरी पाइप फुटला असेल तर तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. आयडलला इंजिन मुळात हवा कमी घेतं, त्यामुळे ही चोरटी हवा मोठा वाटा व्यापते. आरपीएम वाढवलं की तीच गळती एकूण हवेच्या मानाने नगण्य ठरते. आकडे याच्या उलट वागले असते, म्हणजे आयडलला ठीक आणि जोर लावल्यावर वाढते, तर मी फ्युएल फिल्टर, पंप किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर तपासला असता. (ज्या गाड्यांना एअर फ्लो सेन्सरऐवजी इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो त्यांना हे गणित जसंच्या तसं लावू नका. तिथे अशा गळतीने बहुधा आयडल चढतं, ट्रिममध्ये फारसं काही दिसत नाही.)

मग बॉनेट उघडून इंजिन थंड असताना एकेक होज हाताने तपासला. इनटेक मॅनिफोल्डच्या मागे पीसीव्ही व्हॉल्व्हला (इंजिनातल्या तेलाच्या वाफा परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) जाणारा रबरी एल्बो आहे. वरून बोट फिरवलं तर अगदी नितळ. खालून चिमटीत धरून जरा वाकवला तर आतल्या वळणावर नखाएवढी चीर उघडायची आणि सोडला की पुन्हा मिटायची. तेलाच्या वाफेने ते रबर आतून लोण्यासारखं मऊ झालं होतं, बाहेरून मात्र काहीच कळत नव्हतं. नवा एल्बो बसवला, पण कोड मुद्दामच लगेच पुसला नाही, कारण मला पुढचं बघायचं होतं. गाडी सुरू केल्यावर लाँग टर्म +१८ वरच होती आणि शॉर्ट टर्म उणे पंधराच्या आसपास गेली. ईसीयू जुन्या सवयीने जास्त पेट्रोल देत होता आणि त्याच वेळी कमीही करत होता. गाडी चालवत गेले तशी लाँग टर्म हळूहळू उतरली आणि शेवटी दोन्ही शून्याच्या जवळ येऊन स्थिरावल्या. काम बरोबर झालं की नाही, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळलं असतं असं मला वाटत नाही.

कूलंटच्या तापमानानेही असंच डोळे उघडले. डॅशबोर्डचा काटा मध्यावर येतो आणि तिथेच राहतो. तो मुद्दाम तसा बनवलेला असतो, बऱ्याच मोठ्या टप्प्यात हलतच नाही. स्कॅनरवर मात्र मोकळ्या रस्त्यावर तापमान ७४ वरून ६८ अंशांपर्यंत उतरताना दिसलं. साधारण ८२ ते ९० अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट इथे सतत थोडा उघडाच राहत होता. इंजिन अजून पुरतं तापलेलं नाही असं समजून ईसीयू पेट्रोल जास्त देतो, आणि अ‍ॅव्हरेज का पडलं ते कळत नाही. कोड एकही नव्हता. थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅसकेट बदललं, कूलंट भरून हवा काढली, आणि आता काटा तिथेच असला तरी आकडा ८९ च्या आसपास असतो. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही, हे माहीत असलं तरी प्रत्येक वेळी स्वतःला बजावावं.

आता जिथे स्कॅनर हात टेकतो ते. गाडी सेल्फ घेताना कण्हायला लागली, खास करून गरम असताना. स्कॅनर म्हणतो सगळं आलबेल. तो बरोबरच बोलतोय, कारण स्टार्टरच्या जाड केबलवर ईसीयूचं लक्षच नसतं. अशा वेळी लोक आधी बॅटरी बदलतात, मग स्टार्टर. मी मल्टिमीटर काढला. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे अल्टरनेटर ठीक. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवली आणि घरातल्या एकाला सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर ०.९ व्होल्ट. तिथे ०.२ च्या आसपास किंवा त्याहून कमी असायला हवं. स्टार्टरला मिळायला हवा तो जवळजवळ एक व्होल्ट अर्थिंगच्या वाटेतच खर्च होत होता. अर्थची पट्टी जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली होती तिथे खाली गंजाचा पापुद्रा होता. बॅटरीचा निगेटिव्ह सोडवून पट्टी काढली, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासल्या, वर ग्रीस लावून घट्ट बसवलं. परत मोजलं तर ०.१. एकही नवा पार्ट लागला नाही.

मिसिंगसाठी मात्र स्कॅनर एकदम कामाचा. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दुसरी आणि तिसरी इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) अदलाबदल केली, कोड पी०३०३ झाला, म्हणजे दोष कॉइलसोबत सरकला आणि कॉइलच खराब. सरकला नसता तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन या क्रमाने गेले असते. दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो.

तक्रारीही आहेत. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर चावी काढल्यावरही बॅटरीचा करंट असतो, त्यामुळे डाँगल (सॉकेटमध्ये बसणारा हा छोटा स्कॅनर) लावलेला राहिला तर बॅटरी खात राहतो. माझ्या मीटरवर तो ४० मिलिअँपच्या आसपास घेतो. दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची नवी बॅटरी तीन आठवड्यांत अर्धी होईल, जुनी त्याआधीच मान टाकेल. शिवाय यातल्या बऱ्याच डाँगलचा पासवर्ड १२३४ असतो आणि बदलता येत नाही. तेव्हा काम झालं की डाँगल काढून ठेवायचा. दुसरी तक्रार म्हणजे एबीएस आणि एअरबॅगचे कोड साध्या अ‍ॅपवर दिसत नाहीत. ब्रेक पॅडची जाडी, होजच्या भेगा, ब्रेक ऑइलचं वय यातलंही तो काही सांगत नाही. डॉट ४ ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वरच उकळतं, पण ओलावा शोषल्यावर ती हमी १५५ वर येते. हे डोळ्यांनी आणि तारखेच्या हिशेबानेच सांभाळावं लागतं. आणि गाडीखाली जायचं तर जॅकच्या भरवशावर कधीही नाही, खाली स्टँड हवेतच.

कोड पुसण्याच्या बटणाबद्दल मी आग्रही आहे. पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे दोष आला त्या क्षणी आरपीएम, वेग, तापमान आणि ट्रिम किती होते याची नोंद. ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्याही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि प्रदूषण तपासणीत गाडी अडकू शकते. आधी स्क्रीनशॉट, मग दुरुस्ती, सगळ्यात शेवटी पुसणं. मेकॅनिककडे जायची वेळ येते तेव्हाही हाच स्क्रीनशॉट कामी येतो. ‘गाडी कशीतरीच करतेय’ असं सांगण्याऐवजी मी एकदा तो आमच्या मेकॅनिक काकांपुढे धरला, तर ते म्हणाले, “ताई, हे आधी दाखवलंत ते बरं केलंत, नाहीतर मी पंप उतरवायला घेतला असता.”

स्कॅनर घेतलात तर गाडी तब्येतीत असतानाच तिचे आकडे लिहून ठेवा: गरम इंजिनचं आयडल, आयडलला आणि २५०० ला ट्रिम, मोकळ्या रस्त्यावरचं तापमान, उभ्या आणि चालू गाडीचे व्होल्ट. मी वहीत ओडोमीटरच्या आकड्यासोबत लिहिते आणि प्रत्येक ऑइल चेंजला पुन्हा घेते. पुस्तकातली मर्यादा सगळ्या गाड्यांसाठी असते. आमच्या गाडीची ट्रिम आयडलला कायम +३ असते, आणि ती +७ झाली तर दिवा लागायची वाट न बघता मी होज तपासायला घेते.