सहा वर्षं कमरेला वागवलेलं ग्लॉक १७

जोतिबाच्या चैत्र यात्रेहून परतल्यावर पिस्तूल उघडलं, तर स्लाईडच्या, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या, खाचांत गुलाल बसलेला. तेलात मिसळून त्याचा गुलाबी चिखल झाला होता. बॅरल काढलं, स्प्रिंग काढली, टूथब्रशनं खाचा घासल्या, चिंधी फिरवली आणि दहा मिनिटांत पुन्हा जोडून ठेवलं. त्या रात्रीपासून मला हे हत्यार आवडायला लागलं. त्याआधी वर्षभर मी त्याच्याकडे संशयानंच बघत होते.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झाले. शेवटची सहा वर्षं अंगरक्षक ड्युटी केली, साध्या कपड्यात. रोजचे दहा-बारा तास ग्लॉक १७ कमरेला. गाडीत बसायचं, जिने चढायचे, लग्नाच्या मांडवात उभं राहायचं, अंबाबाईच्या नवरात्रात गर्दीतून वाट काढायची, सगळं त्याच्यासकट. माझं मत त्या वागवण्यातून बनलंय.

संशयाचं कारण घोडा, म्हणजे चाप नव्हे, पिस्तुलाच्या मागच्या टोकाला दिसणारी हातोडी. माझा हात बसला होता ईशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या, जुन्या ब्राउनिंग घाटाच्या नाईन एमएम पिस्तुलावर. तिथं घोडा वर आहे की खाली, हे अंधारातसुद्धा अंगठ्याला कळायचं, शिवाय बाजूला सेफ्टी कॅच, गोळी सुटू नये म्हणून लावायची खिटी. ग्लॉकला बाहेर घोडाच नाही आणि अंगठ्यानं लावायची सेफ्टीही नाही. आत स्ट्रायकर असतो, गोळीच्या बुडावर आपटणारी स्प्रिंगची कांडी. स्लाईड मागे ओढून सोडली की तो अर्धवट ताणलेला राहतो, उरलेला ताण चाप ओढताना मिळतो आणि मगच तो सुटतो. चापाच्या मधोमध एक बारीक पट्टी आहे, ती दाबल्याशिवाय चाप मागे जात नाही. आत आणखी दोन अडसर आहेत, त्यामुळे पिस्तूल हातून निसटून फरशीवर पडलं तरी गोळी सुटू नये अशी रचना आहे. बोट काढलं की तिन्ही अडसर आपोआप लागतात. शिकवताना हे सगळं पटलं होतं. पण चाप दाबणारी वस्तू बोट आहे की आणखी काही, हे त्या पट्टीला कळत नाही, हे मला गगनबावड्याच्या पावसात समजलं.

घाटात थांबलो होतो. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये सारताना शेवटच्या इंचाला काहीतरी अडलं. एरवी तळहातानं दाबलं असतं. त्या दिवशी का कुणास ठाऊक, हात थांबला. बाहेर काढून बघितलं तर रेनकोटच्या दोरीचं प्लॅस्टिकचं बोंड चापाभोवतीच्या कडीत शिरलेलं. चेंबर भरलेलं, म्हणजे नळीत गोळी तयार होती आणि नळी माझ्याच मांडीकडे. मी बराच वेळ नुसती उभी होते. त्या दिवसापासून होल्स्टर बघितल्याशिवाय पिस्तूल आत जात नाही, कितीही घाई असो. आणि दोरीवाला रेनकोट घरात एकही ठेवलेला नाही.

दोष होल्स्टरचाही होता. एका दुकानातून घेतलेलं मऊ चामड्याचं होल्स्टर घामानं इतकं ढिलं झालं होतं की पिस्तूल काढलं की त्याचं तोंड मिटायचं. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एका कारागिराला दाखवलं. त्यानं दोन बोटांत दाबून बघितलं आणि म्हणाला, "ह्याचं कातडं मेलंय, ताई. म्हशीचं घालूया, तोंडाला दुपदरी. मग उभंच ऱ्हाईल." पिस्तूल त्याच्या हातात देणं शक्यच नव्हतं. म्हणून पुठ्ठ्यावर मापं काढून सुताराकडून सागवानी साचा करून घेतला. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं त्यानं भिजवून त्या साच्यावर दाबलं आणि दोन दिवस सावलीत वाळवलं. चापाची कडी पूर्ण झाकणारं आणि तोंड न मिटणारं होल्स्टर मिळालं. पहिला महिना करकर वाजायचं. नंतर शेवटपर्यंत तक्रार नाही. सोबत रुंद, जाड पट्टाही तिथूनच करून घेतला. हे बायकांना मुद्दाम सांगते: आपल्या पँटीची बारीक लुपं आणि नाजूक पट्टा ह्या वजनाला पुरत नाहीत, पिस्तूल बाहेर कलंडतं आणि मूठ बरगडीत रुतते.

वजन म्हणाल तर ग्लॉकच्या मुठीच्या पॉलिमरचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा, खरा फायदा इथंच आहे. सतरा गोळ्यांसकट ग्लॉक साधारण ९०० ग्रॅम भरतं. जुनं ब्राउनिंग जवळपास तेवढं रिकामंच भरायचं आणि त्यात गोळ्या तेरा. संध्याकाळी कंबर हा फरक बरोबर सांगते. पॉलिमरच्या मुठीला गंज नाही, उन्हात उभ्या गाडीत चटका नाही. स्लाईड मात्र पोलादी आहे, कोल्हापूरच्या पावसाळ्यात तिला रोज तेलाचा हात हवाच.

माझा पंजा लहान. चौथ्या पिढीच्या मॉडेलला मुठीमागचं जादा पॅनल काढता येतं. ते काढल्यावर बोट चापावर नीट पोचलं. ग्लॉक १९ थोडं आखूड असतं, गोळ्या पंधरा. एका सहकाऱ्याचं महिनाभर वागवलं. साध्या कपड्यात झाकायला तेच सोपं. निवड माझ्या हातात असती तर मी १९ घेतलं असतं.

एक गोष्ट नवशिक्यांना शंभरदा सांगितली. हे पिस्तूल उघडताना स्लाईड उतरवण्याआधी चाप ओढावाच लागतो. म्हणून आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढायचं, स्लाईड मागे ओढून चेंबर डोळ्यानं बघायचं, बोट घालून बघायचं, आणि मग वाळूच्या बादलीकडे नळी करून चाप. क्रम चुकवायचा नाही.

गुजरीतले, हुपरीचे ओळखीचे सोन्या-चांदीचे व्यापारी विचारतात, "बाई, आम्हाला घेता येईल का?" नाही. नाईन एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्यांना बंदी असलेलं नळीचं माप आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही. परवान्यावर चालतात ती .३२सारख्या मापाची पिस्तुलं, आणि तीही होल्स्टरमध्ये, झाकूनच बाळगायची.

दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर जाणारी माझी भाची, कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिला बघून पिस्तूलकडे वळली. तिच्या स्पोर्ट्स पिस्तूलचा चाप किलोभराच्या ताणाला सुटतो. ग्लॉकचा अडीच किलोच्या आसपास. तिला तो जड वाटला. कमरेला बाळगायच्या हत्याराला मला तोच बरा वाटतो.

माझ्यानंतर ड्युटीवर आलेल्या पोरीचा पंजा माझ्याहून लहान. तिला पहिल्या दिवशी रिकामं पिस्तूल दिलं आणि फक्त होल्स्टरमध्ये घालायला लावलं, बघून, सावकाश, शंभर वेळा. साठाव्या वेळी तिनं स्वतःच थांबून शर्टाचं टोक बाजूला केलं.