९८ डीबीआयचा अँटेना आणि आत एवढीशी तार

लॅपटॉपला यूएसबीवर लावायचा 'लाँग रेंज' वायफाय बूस्टर घ्यायचा विचार असेल, तर आधी त्याच्या खोक्यावरचे आकडे नीट वाचा. मला ज्या ऑनलाइन विक्रेत्याने टोपी घातली, त्याच्या खोक्यावर ठळक छापलं होतं: पॉवर ६००० मिलिवॉट, अँटेना ९८ डीबीआय (अँटेना सिग्नल एका दिशेला किती पटीने एकवटतो त्याचं माप), पल्ला कित्येक किलोमीटर. आत पाटीसारखा चपटा अँटेना, एक अडॅप्टर, त्याला दोन सॉकेट आणि एक सीडी. माझी गरज साधी होती. राउटर एका इमारतीत, बसायची खोली आवाराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये झाडं आणि भिंती. लॅपटॉपच्या स्वतःच्या वायफायला तिथे जेमतेम एक काडी मिळायची, तीही टिकायची नाही.

आधी ६००० मिलिवॉटचं बघू. यूएसबी २.० चं पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतं, म्हणजे सगळे मिळून अडीच वॉट. यूएसबी ३.० धरलं तरी साडेचार. एवढ्यात चिपही चालायची, अ‍ॅम्प्लिफायरही, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यातली बरीचशी वीज नुसती उष्णतेत घालवतो. मग हवेत ६ वॉट सोडायचे कुठून? बरं, सोडता आले असते तरी चाललं नसतं. युरोपात वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या वारंवारतेवर अँटेना धरून मर्यादा १०० मिलिवॉटची आहे.

९८ डीबीआय तर त्याहून मोठी थाप. डीबीआय हे डेसिबलचंच माप, आणि त्या मोजपट्टीवर दर १० ला दसपट होते, त्यामुळे ९८ म्हणजे सहाशे कोटी पटींहून जास्त. २.४ गिगाहर्ट्झवर एवढा लाभ (गेन) मिळवायला साधारण चार किलोमीटर व्यासाची तबकडी लागेल. पोर्तो रिकोमधल्या अरेसिबो या रेडिओ दुर्बिणीची तबकडी ३०५ मीटरची होती (२०२० मध्ये ती कोसळली), आणि जवळपास याच वारंवारतेला तिचा लाभ सत्तरीच्या घरात होता. इथे मात्र दप्तरात मावणारी पाटी ९८ देणार! प्रामाणिक उत्पादक एवढ्या पाटीवर १२-१४ लिहितात, आणि बाहेर खांबावर लावायच्या जाळीदार तबकडीवर २४ च्या आसपास.

विक्रेत्याच्या पानावर व्हिडिओही होता. त्यात बूस्टर लावताच नेटवर्कची यादी भराभर लांबते. माझ्याकडेही नावं वाढली, त्यामुळे सुरुवातीला वस्तू खरी वाटते. पण नाव दिसलं म्हणजे नेट चाललं असं होत नाही. राउटर आपलं नाव पुकारतो तो बहुधा सगळ्यात संथ वेगाने, २.४ गिगाहर्ट्झवर बऱ्याचदा १ एमबीपीएसने (सेकंदाला दहा लाख बिट), आणि तो संदेश फार क्षीण असला तरी ऐकू येतो. प्रत्यक्ष डेटाला त्याहून कितीतरी स्वच्छ सिग्नल लागतो. शिवाय वायफाय दोन्ही बाजूंनी बोलतं. आपण कितीही घसा ताणला तरी पलीकडचा माणूस कुजबुजतच असेल तर गप्पा होणार नाहीत. म्हणून नुसत्या 'पॉवर'ला फारसा अर्थ नसतो. खरा अँटेना येणारा आणि जाणारा दोन्ही सिग्नल सुधारतो, पण तो खरा असला तर.

पारखायची सोपी रीत अशी. लॅपटॉपमधलं इनबिल्ट वायफाय विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करा, नाहीतर नेट त्याच्यावरूनच चालत राहतं आणि श्रेय बूस्टरला जातं. मग अँटेना फिरवून काढून टाका आणि बघा. माझ्याकडे सीडीतलं सॉफ्टवेअर पाच काड्या दाखवत होतं. अँटेना काढून टेबलावर ठेवला, तरी पाचच! विंडोजचं स्वतःचं चिन्ह मात्र अँटेना असताना आणि नसताना सारखंच रडत होतं. (ती सीडी चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगते. तिथेच थांबावं. चिपच्या कंपनीचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर) मिळतो, विंडोज बहुतेक वेळा तो स्वतःच शोधून घेतं.)

डिव्हाइस मॅनेजरमध्येच हार्डवेअर आयडी, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, मिळतो. त्यावरून कळलं की आत रिअलटेकच्या ८१८८ मालिकेतली चिप आहे. चिपचा काही दोष नाही, साध्या छोट्या अडॅप्टरमध्ये ती सर्रास असते. पण ती एकाच अँटेनावर चालणारी, कमाल १५० एमबीपीएसची चिप. खोक्यावर १२०० लिहिलेलं होतं, आणि यूएसबी २.० ची स्वतःची मर्यादाच ४८० आहे.

मग ती पाटी उघडली. पुढचं झाकण डिंकाने चिकटवलेलं होतं. आत ना तांब्याचा पत्रा, ना सर्किट. केबल आत आली होती, तिचं टोक सोलून मधली तार जेमतेम तीन सेंटिमीटर उघडी ठेवली होती. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीचा चतुर्थांश तेवढाच भरतो, म्हणजे कोणत्याही साध्या राउटरच्या दांडीत असते तीच तार. बाकी सगळी पाटी पोकळ. अडॅप्टरच्या दुसऱ्या सॉकेटला आतून काही जोडलेलंच नव्हतं, डाग द्यायचा बिंदूसुद्धा कोरा होता.

विक्रेत्याशी बोलणं हा वेगळाच तमाशा. नकार तो कधीच देत नाही. दिशा बदला म्हणतो, मग चॅनल बदला, मग नवा ड्रायव्हर पाठवतो, मग 'आमचे इंजिनीअर बघतायत'. प्रत्येक उत्तर गोड आणि प्रत्येक उत्तराला उशीर, कारण त्याचा डोळा परतीच्या मुदतीवर असतो. मुदत टळत आली की थोडे पैसे परत घ्या, वस्तू ठेवा आणि वाईट अभिप्राय काढून टाका, असं गाजर येतं. ते घेतलं की तक्रारीचा दरवाजा बंद.

लांब पल्ल्याचं वायफाय ही भाकडकथा नव्हे, बरं का. २००७ मध्ये एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी व्हेनेझुएलात ३८२ किलोमीटरवर वायफाय जोडून दाखवलं. पण दोन्ही टोकं डोंगरावर, दोन्हीकडे मोठे अँटेना, आणि मध्ये अडथळा नाही. एका बाजूला लॅपटॉपला चिकटवलेल्या पाटीने ते होत नाही. माझं काम शेवटी साध्या इथरनेट केबलने झालं. ती १०० मीटरपर्यंत चालते. तिच्या टोकाला एक अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरचं नेट वायफायने पसरवणारी पेटी) लावला.

पैसे कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवून परत मिळाले. पाटी फोडण्याआधी हार्डवेअर आयडीचा स्क्रीनशॉट घेतला होता, तो पाठवला. पण खरं काम केलं ऑर्डर देतानाच टिपून ठेवलेल्या विक्रीच्या पानाने. तक्रार गेल्यावर विक्रेत्याने ९८ आणि ६००० हे दोन्ही आकडे तिथून गुपचूप उडवले होते आणि 'आम्ही असं कधी म्हटलंच नाही' असं बँकेला लेखी कळवलं होतं.